भोंग्याच्या तोंडाला कुलूप

लालबागच्या त्या चार मजली चाळीत तुळशीदास परबला त्याच्या नावाने हाक मारणारी दोनच माणसं होती. एक त्याची बायको सुभद्रा, आणि तीही नाव न घेता ‘अहो’ म्हणायची, म्हणजे ती धरायची की नाही हा प्रश्नच आहे. दुसऱ्या, समोरच्या खोलीतल्या राधाबाई. त्या वयाने मोठ्या असल्यामुळे सगळ्या चाळीला नावानेच हाक मारत. बाकीच्यांसाठी तो ‘भोंगा’ होता.

हे नाव त्याने स्वतः कमावलेलं होतं. गिरणीचा भोंगा झाला की लोक घड्याळ लावायचे, आणि तुळशीदास पाळी संपवून घरी आला की लोकांना बातम्या कळायच्या. कोण जॉबरशी, म्हणजे खात्याच्या मुकादमाशी भांडला, कुणाचं स्थळ मोडलं, कुणाच्या गावच्या घराचा वाद कोर्टात गेला, हे सगळं तो पाय धुवायच्या आधी, गॅलरीतून चालता चालताच सांगून टाकायचा. त्याच्या मनात पाप मुळीच नव्हतं. ऐकलेली गोष्ट आपल्याजवळ ठेवून घेणं म्हणजे शेजाऱ्याची वाटी परत न करण्यासारखं आहे, असं त्याला मनापासून वाटे.

ब्याऐंशीच्या जानेवारीत संप झाला आणि गिरणगावातले सगळे भोंगे बंद पडले. चाळीतला तेवढा चालू राहिला.

संपाच्या चौथ्या महिन्यात युनियनच्या पोरांनी गेटसभेची पत्रकं छापून आणली आणि चाळीच्या भजनी मंडळाच्या मृदंगाच्या पेटीत लपवली. पेटी मंडळाच्या खोलीत, आणि खोलीची किल्ली तुळशीदासकडे, कारण तो उत्तम झांज वाजवायचा. त्याला शपथा घालून झाल्या. त्याने त्या मनापासून घेतल्याही. संध्याकाळी तो कोपऱ्यावर पान खायला गेला आणि पानवाल्याला एवढंच म्हणाला की आमचा मृदंग हल्ली फार जड झालाय, दोघांनाही उचलवत नाही. आणि वर, हे कुणाला सांगू नको, असंही बजावलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी पोलीस आले. हवालदाराने इकडेतिकडे पाहिलंसुद्धा नाही, सरळ मृदंगाच्या पेटीपाशी गेला. पत्रकं गेली, चार पोरांना दिवसभर चौकीत बसवून ठेवलं. त्यांना सोडल्यावर कुणी तुळशीदासच्या अंगावर धावून आलं नाही, शिव्याही दिल्या नाहीत. फक्त त्या दिवसापासून जिन्यात त्याची पावलं वाजली की चाळीतली बोलणी थांबायला लागली. मेहुणीचं लग्न ठरलं ते त्याला पत्रिका आल्यावर कळलं, आणि ती पत्रिका पोस्टाने आली होती. मेहुणी त्याच चाळीत, वरच्या मजल्यावर राहायची.

तुळशीदासला हे फार लागलं. बोलायची सवय तर जाईना, आणि बोलायला माल मिळेना. तो गॅलरीत बसून रस्त्यावरून जाणाऱ्या अनोळखी माणसांविषयी अंदाज बांधायचा आणि ते सुभद्राला सांगायचा. ती हुं हुं करत तांदूळ निवडायची.

गिरणीने त्याला परत घेतलं नाही. काही वर्षं तो शिवडीच्या गोदामात गोणी मोजत होता. मग गोदामही बंद झालं. त्र्याण्णव साली भोईवाड्याजवळच्या एका लॅबमध्ये शिपायाची जागा निघाली. रक्त-लघवीपासून गाठीच्या नमुन्यापर्यंत सगळं तपासणारी, बऱ्यापैकी नाव असलेली लॅब. तिचं मुख्य ऑफिस गिरगावात होतं. इथले मॅनेजर शरच्चंद्र देवस्थळी हे दादरहून येत, इस्त्रीचा सदरा घालत आणि शुद्ध बोलत. त्यांनी मुलाखतीत विचारलं, “गोपनीयता पाळता येईल ना?”

तुळशीदासला गोपनीयता म्हणजे नेमकं काय ते कळलं नाही. पण झाडलोट, शिवणकाम, झांज असं बरंच काही त्याला येत होतं, त्यामुळे हेही येईल असं समजून तो हो म्हणाला. देवस्थळी साहेबांचा लालबागशी काही संबंध नव्हता, नाहीतर ही गोष्ट इथेच संपली असती.

पहिल्याच आठवड्यात त्याला त्या शब्दाचा अर्थ कळला. रिपोर्टची पाकिटं लावताना त्याच्या हाती आपल्याच चाळीतल्या धोंडू म्हापणकरचं पाकीट आलं. पाकीट उघडं होतं. धोंडूची साखर किती, हा आकडा तुळशीदासच्या डोळ्यात शिरला आणि तिथून थेट पोटात गेला. देवस्थळी साहेबांनी त्याला सांगून ठेवलं होतं की इथे पाहिलेलं नाव आणि आकडा या दाराबाहेर गेला तर दुसऱ्या दिवशी तूही बाहेर. तुळशीदास घरी आला तो पोट धरूनच. जेवला नाही. समोरून धोंडू स्वतः लाडू खात गेला तेव्हा तर त्याला घाम फुटला.

सुभद्राने बघितलं आणि ओळखलं. तिने डब्यातून एक लवंग काढली आणि त्याच्या हातावर ठेवली.

“ही दाढेखाली धरा,” ती म्हणाली. “ही तोंडात हाय तोवर तोंड उघडायचं नाय.”

उपाय लागू पडला. लवंग तोंडात असली की बोलणं म्हणजे जीभ पोळून घेणं. ज्या दिवशी ओळखीच्या माणसाचा रिपोर्ट येई त्या दिवशी तुळशीदास जिना चढायच्या आधीच लवंग तोंडात टाकायचा, ती झोपेपर्यंत ठेवायचा. बारा महिने असे गेले. त्याच्या तोंडून एक आकडा बाहेर गेला नाही, आणि आपण सुधारलो असं त्याला वाटायला लागलं.

पण समोर राधाबाई होत्या. राधाबाईंनी आयुष्यभर गिरणीच्या वाइंडिंग खात्यात तुटलेले धागे शोधून जोडले होते. त्यांनी गॅलरीत बसून हिशेब मांडला: भोंग्याच्या तोंडाला काही दिवस लवंगेचा वास असतो, काही दिवस नसतो. वास असतो त्याच्या आदल्या दिवशी चाळीतलं कोणीतरी लॅबमध्ये गेलेलं असतं. एवढं कळल्यावर त्यांना रिपोर्टची गरजच उरली नाही. तुळशीदास जिन्यात शिरला की त्या खोल श्वास घेत आणि मागे वळून सांगत, “आज आपल्यातला कोणतरी आसा.” मग बाकीच्या बाया मिळून तो कोण ते काढत.

हे तुळशीदासला कळलं तेव्हा तो हबकला. त्याने एक शब्द उच्चारला नव्हता आणि तरी गुपित फुटलं होतं. तो दोन दिवस विचार करत होता. तिसऱ्या दिवसापासून त्याने रोज लवंग खायला सुरुवात केली; रिपोर्ट असो नसो, रविवारी, सणावारी, गावी गेला तरीसुद्धा. राधाबाईंनी महिनाभर वास घेऊन पाहिला, सगळी चाळ आजारी आहे असं निघायला लागलं, तेव्हा त्यांनी नाद सोडला. मात्र मनातून त्यांना वाटलं, की हा माणूस वाटतो तितका वेडा नाही.

अशी दहा वर्षं गेली. तुळशीदास शिपायाचा रेकॉर्ड क्लार्क झाला. मग लॅबमध्ये कॉम्प्युटर आले.

कॉम्प्युटरबरोबर गिरगावच्या ऑफिसातून अंबिका मॅडम आल्या. वय असेल सव्वीस-सत्तावीस, खांद्याला मोठी पिशवी, बोलणं भराभर. त्यांनी सगळ्यांना बसवून नियम सांगितले. पासवर्ड कुणाला सांगायचा नाही, लिहून ठेवायचा नाही. जागेवरून उठताना कॉम्प्युटर बंद करून उठायचं. बाहेरून आलेली सीडी आत घालायची नाही. मुख्य ऑफिस कधीही फोनवर पासवर्ड विचारत नाही. आणि चूक झालीच, तर लपवायची नाही, त्याच मिनिटाला कळवायचं.

मग म्हणाल्या, पासवर्ड ठरवताना बायकोचं नाव नको, देवाचं नाव नको आणि गावाचं नको, कारण ते कुणालाही ओळखता येतं.

तुळशीदासने बराच विचार केला. मग हात वर केला. “मॅडम, बायको, देव आणि गाव सोडून माणसाकडे दुसरं असतं काय?”

लोक हसले, पण अंबिका मॅडम हसल्या नाहीत. त्या म्हणाल्या, “परबकाका, असं काहीतरी आठवा जे फक्त तुम्हाला माहीत आहे आणि आता कुणी विचारत नाही.”

तुळशीदासला ते आठवायला वेळ लागला नाही. गिरणीतला त्याचा बिल्ला नंबर होता चार हजार चारशे सतरा. एकवीस वर्षांत तो त्याला कुणी विचारला नव्हता. त्याने मागाच्या आवाजासारखं ‘खटकखटक’ इंग्रजीत टाइप केलं, पुढे बिल्ला नंबर लावला, आणि कॉम्प्युटर उघडला. दुसऱ्या दिवसापासून सकाळी नऊ वाजता ती अक्षरं दाबताना त्याला आपण गेटातून आत चाललोय असं वाटायचं. हे मात्र त्याने सुभद्रालाही सांगितलं नाही.

आणि मग तुळशीदास नियमांच्या मागे असा काही लागला की लॅबला त्याचा त्रास व्हायला लागला. तो चहाला उठताना कॉम्प्युटर बंद करायचा. पाणी प्यायला उठताना बंद करायचा. एकदा शिंक येतेय असं वाटलं म्हणून त्याने आधी कॉम्प्युटर बंद केला आणि मग शिंकला. औषध कंपनीच्या माणसाने कॅलेंडरची सीडी फुकट दिली ती त्याने दोन बोटांत धरून, मेलेली पाल टाकावी तशी बाहेर टाकली. गणेशोत्सव मंडळाची पोरं कार्यक्रमपत्रिका छापून मागायला आली, त्यांना त्याने दारातून परत पाठवलं. मंडळ वर्षभर रुसलं.

देवस्थळी साहेबांची गोष्ट वेगळी होती. त्यांनी आपला पासवर्ड चिठ्ठीवर लिहून, ती चिठ्ठी कॉम्प्युटरच्या कपाळावर चिकटवली होती. तुळशीदासने पहिल्या दिवशी ती काढून पाकिटात घातली, पाकिटावर ‘गोपनीय’ लिहिलं आणि साहेबांच्या खणात ठेवली. दुसऱ्या दिवशी चिठ्ठी परत कपाळावर. असं आठवडाभर चाललं. शेवटी साहेबांनी त्याला बोलावून सांगितलं की तुळशीदास, नियम कर्मचाऱ्यांसाठी असतात. तुळशीदासने विचारलं की साहेब, मग तुम्ही कोण. हा प्रश्न उद्धटपणाने विचारला की माहिती म्हणून, हे साहेबांना ठरवता आलं नाही, म्हणून त्यांनी विषय बदलला.

दोन हजार चार सालच्या ऑगस्टमध्ये, दुपारी दीडच्या सुमाराला, लॅबचा फोन वाजला. साहेब जेवायला गेले होते. फोन तुळशीदासने घेतला. पलीकडचा माणूस म्हणाला की मी मुख्य ऑफिसच्या कॉम्प्युटर खात्यातून बोलतोय, कुडाळकर. कोण बोलतंय?

“परब.”

“परब? खंयचे ओ तुम्ही?”

बस्स. इथे तुळशीदास विरघळला. भोईवाड्यात बसून भर दुपारी कुणी मालवणीत विचारावं, तेही आडनावावरून ओळखून. त्याने गाव सांगितलं, वाडी सांगितली, आईचं माहेर सांगितलं. कुडाळकरांनी प्रत्येक गोष्टीला “अरे बापरे, होय काय?” म्हटलं. त्यांचे वडील म्हणे गिरणीतच होते. मग तुळशीदासने संप सांगितला. वीस मिनिटं गेली. मग कुडाळकर सहज म्हणाले की परबांनू, इकडे यादी बघतोय, बऱ्याच जणांचे पासवर्ड अगदी साधे निघालेत, बायकोचं नाव नि काय काय. तुमचाही तसाच असणार.

तुळशीदासचा स्वाभिमान दुखावला. बायको, देव, गाव काही नाही, तो म्हणाला, आमचा पासवर्ड तुम्हाला शंभर वर्षांत ओळखता येणार नाही. कुडाळकरांनी आश्चर्य दाखवलं. तेव्हा तुळशीदासने त्यांना मागाचा आवाज कसा असतो तो करून दाखवला, आणि बिल्ल्याची सगळी हकीकत नंबरासकट सांगितली. कुडाळकर म्हणाले, मानलं तुम्हाला, आणि फोन ठेवला.

तुळशीदास खूश होता. त्याने चहा केला. पहिला घोट घेतला, दुसरा घेतला. तिसऱ्या घोटाला कप ओठापाशीच थांबला. मुख्य ऑफिस कधीही फोनवर पासवर्ड विचारत नाही. हे वाक्य त्याने स्वतः नव्या मुलींना निदान पंधरा वेळा ऐकवलं होतं.

त्याने कप टेबलावर ठेवला. मृदंगाची पेटी आठवली, चौकीतून परत येणारी चार पोरं आठवली, आणि पानवाल्याचा चेहरा बावीस वर्षांनी जसाच्या तसा डोळ्यांपुढे आला.

खरं म्हणजे कुणालाच काही कळलं नव्हतं. लॅबमध्ये तेव्हा दुसरं कोणी नव्हतं. नवा पासवर्ड टाकून गप्प बसायला दोन मिनिटं लागली असती, आणि एखाद्या शहाण्या माणसाने तेच केलं असतं. तुळशीदासने खिशातली लवंग काढून तोंडात टाकलीही. पण पोटातली गोष्ट दुसऱ्याची असली तर ती लवंगेने राहते. ही त्याची स्वतःची होती, ती काही केल्या खाली बसेना. त्याने लवंग थुंकली आणि गिरगावला फोन लावला.

अंबिका मॅडम फोनवर आल्या. तुळशीदासने आडनावापासून सुरुवात केली. तो आईच्या माहेरापर्यंत पोचला तेव्हा त्या म्हणाल्या, “काका, पासवर्ड सांगितलात का, एवढंच सांगा.”

“सांगितला,” तुळशीदास म्हणाला. “मीच सांगितला. त्याने विचारलासुद्धा नव्हता.”

मॅडमनी त्याला कॉम्प्युटरच्या मागची, भिंतीतून येणारी वायर उपटायला सांगितली. तुळशीदासने ती उपटली आणि फोन बंद पडला, कारण कॉम्प्युटरची आणि फोनची लाइन एकच होती. आता पुढे काय करायचं ते विचारायला सोय नव्हती, म्हणून त्याने खबरदारी म्हणून बाकीच्याही वायरी उपटल्या: प्रिंटरची, पंख्याची आणि दारावरच्या घंटीची. रक्ताच्या बाटल्यांच्या फ्रिजपाशी मात्र त्याचा हात थांबला. मग तो दरवाजा आतून लावून, खुर्ची त्याला टेकवून, तीवर बसून राहिला.

देवस्थळी साहेब जेवून आले. घंटी वाजेना, दार उघडेना. दहा मिनिटं ते बाहेरून हाका मारत होते आणि तुळशीदास आतून, अंबिका मॅडम आल्याशिवाय कुणालाही आत घेता येणार नाही, असं सांगत होता. रुग्णांची रांग लागली. शेवटी मॅडम गिरगावहून टॅक्सीने आल्या तेव्हा दोघांना एकदमच आत घेतलं गेलं.

काय घडलं ते कळल्यावर साहेब कडाडले. ते म्हणाले, हा माणूस पहिल्यापासून बडबड्या, याला कॉम्प्युटर द्यायलाच नको होता. मेमो काढतो, घरी बसवतो. तुळशीदास मान खाली घालून उभा होता. त्याला ते सगळं पटत होतं.

अंबिका मॅडम कॉम्प्युटरपाशी बसल्या होत्या. अर्ध्या तासाने त्यांनी सांगितलं की कॉम्प्युटरमधलं रिपोर्टांचं कपाट फक्त परबकाकांच्या पासवर्डने उघडतं. ते उघडायचा प्रयत्न एकदा झाला होता, पण वायर निघाल्यामुळे एकही रिपोर्ट बाहेर गेला नाही. मात्र रुग्णांची नावं आणि फोन नंबर यांची यादी कोणीतरी दोन दिवसांपासून नेत होतं. इंग्रजी मुळाक्षरांप्रमाणे ती ‘जी’पर्यंत गेली होती.

“ती परबकाकांच्या नावाने नाही गेली,” त्या म्हणाल्या. “साहेब, परवा दुपारी चार वाजता तुमच्या नावाने आत कोण आलं होतं?”

देवस्थळी साहेबांनी चष्मा काढला आणि पुसायला घेतला. तो बराच वेळ पुसला गेला. मग हळूहळू बाहेर आलं. परवा त्यांनाही मुख्य ऑफिसातून फोन आला होता. त्या माणसाचं नाव कुडाळकर नव्हतं, तो सदाशिव पेठेतला होता, आणि त्याने साहेबांच्या भाषेचं कौतुक केलं होतं. आजकाल असं मराठी ऐकायला मिळत नाही म्हणाला होता. मग कपाळावरची चिठ्ठी वाचून दाखवायला साहेबांना अर्धं मिनिट लागलं. संध्याकाळी घरी जाताना त्यांच्या डोक्यात प्रकाश पडला होता.

“मग सांगितलं का नाहीत?” मॅडमनी विचारलं.

“कसं सांगणार,” साहेब म्हणाले. आवाज अगदी लहान झाला होता. “मी मॅनेजर आहे.”

“काकांनी चहाचा कप संपायच्या आत सांगितलं. तुम्ही त्याच दिवशी बोलला असतात तर यादी ‘ए’लाच थांबली असती.”

तुळशीदासला साहेबांची इतकी दया आली की त्याने त्यांच्यासाठी खुर्ची आणली, आणि न विचारता पंख्याची वायरही परत लावली.

गिरगावच्या ऑफिसने दोघांना मेमो दिले, मजकूर अक्षरशः एकच. साहेबांनी आपला कुठे ठेवला ते कुणाला कळलं नाही. तुळशीदासने आपला घरी आणून सुभद्राला वाचून दाखवला आणि रेशनकार्डाच्या पिशवीत ठेवला, कारण एवढ्या मोठ्या साहेबांच्या बरोबरीने त्याचं नाव पूर्वी कुठेच आलेलं नव्हतं.

ज्यांची नावं गेली होती त्या रुग्णांना कळवणं भाग होतं. सव्वादोनशे माणसं. प्रत्येकाला फोन करून चूक कबूल करायची, माफी मागायची आणि आमच्या नावाने कुणी फोन केला तर काही सांगू नका असं बजावायचं. हे काम कुणालाच नको होतं. तुळशीदास म्हणाला, मी करतो. आयुष्यात पहिल्यांदाच बोलणं हे त्याचं काम झालं होतं. मॅडमनी एकेकाला दोन मिनिटं धरली होती. तुळशीदासने बारा-बारा मिनिटं घेतली. माफी मागून झाली की तो समोरच्याची तब्येत विचारायचा, पण किती साखर नि काय, हे नाही; नुसतं, जेवण जातंय ना, झोप लागते ना. माझगावच्या एका म्हातारीने त्याला तीन वेळा परत फोन केला. आठ दिवसांनी काम संपलं तेव्हा लॅबवर रागावून गेलेलं माणूस एकही नव्हतं.

एकच गोष्ट त्याला जड गेली. पासवर्ड बदलायचा होता. मॅडम बाजूला उभ्या होत्या आणि तो बोटं कीबोर्डवर ठेवून नुसता बसला होता. त्याचा चेहरा पाहून त्यांनी विचारलं काय झालं. तो म्हणाला, काही नाही, गिरणीतून दुसऱ्यांदा काढलं. मग त्याने नवीन काहीतरी टाइप केलं. ते काय होतं हे त्याने मरेपर्यंत कुणाला सांगितलं नाही, त्यामुळे इथेही सांगता येत नाही.

पुढच्या वर्षापासून नव्या भरतीपुढे त्या दुपारची हकीकत सांगायला मॅडम त्याला गिरगावला बोलावू लागल्या. पंधरा मिनिटं ठरलेली असत. पहिल्या खेपेला तो दीड तास बोलला. मागाचा आवाज करून दाखवला, कुडाळकरांची नक्कल केली, देवस्थळी साहेबांचं नाव येऊ दिलं नाही. मॅडमनी नंतर सांगितलं की त्या वर्षी चुका कळवणाऱ्यांचे फोन दुप्पट आले. तुळशीदासला वाटलं आपण चुका वाढवल्या. त्यांनी समजावलं की चुका तेवढ्याच होत्या, आता कळतात एवढंच.

चाळीला यातलं काही माहीत नव्हतं. तो सांगू शकत नव्हता आणि त्याने सांगितलंही नाही.

निवृत्त व्हायला वर्षभर राहिलं असताना, एका सकाळी गॅलरीत कोणी नाही असं पाहून राधाबाई त्याच्या दारात आल्या. सुभद्रा बाजारात गेली होती. राधाबाई उंबऱ्यावरच बसल्या, पदर चाचपत राहिल्या. मग खालच्या आवाजात म्हणाल्या की छातीत गाठ लागतेय, महिना झाला. सुनेला नाही सांगितलं, मुलाला नाही.

“तुझ्या लॅबात ने माका,” त्या म्हणाल्या. “आणि तुळशीदास, कोणाक कळता नये.”

तुळशीदासने चप्पल घातली. आधी डॉक्टरांकडे, मग तपासणीला, मग पुन्हा डॉक्टरांकडे, असे पाच दिवस तो त्यांच्याबरोबर गेला. सुनेला त्या भोईवाड्याच्या देवळात जाते म्हणून सांगत. डॉक्टरांनी सुईने गाठीतून काढलेल्या नमुन्याचा रिपोर्ट त्याने स्वतः हाताळला नाही, दुसऱ्या मुलीला करायला लावला, आणि पाकीट राधाबाईंच्या हातात देताना तोंड भिंतीकडे केलं. राधाबाईंना वाचता येत नव्हतं. त्यांनीच ते त्याच्यापुढे धरलं. साधी गाठ होती, भिण्यासारखं काही नव्हतं. तुळशीदासने ते त्यांना दोनदा वाचून दाखवलं आणि पाकीट परत त्यांच्या हातात दिलं.

त्या संध्याकाळी तो मुद्दाम उशिरा घरी गेला, आपल्या चेहऱ्यावरून कुणाला काही कळू नये म्हणून. जिना चढून वर येतो तो गॅलरी बायकांनी भरलेली, आणि मध्ये राधाबाई. गाठ केवढी होती, सुई केवढी होती, डॉक्टर काय म्हणाला, त्याला आपण काय सुनावलं, हे सगळं त्या हातवारे करून सांगत होत्या. सून रडत होती आणि हसतही होती. सुभद्रा पुढे बसून ऐकत होती.

तुळशीदास कठड्याला टेकून उभा राहिला. राधाबाईंनी त्याला पाहिलं.

“तू ऐकलंस काय रे?” त्या म्हणाल्या.

“नाही बुवा,” तुळशीदास म्हणाला. “काय झालं?”

मग त्या त्याच्याकडे वळून बसल्या आणि त्यांनी सगळी हकीकत पहिल्यापासून, नव्याने सांगायला घेतली.